खारीचा वाटा आम्हाला नको



आपल्या सभांमध्ये शिक्षणावर भाषणं होतात, आरक्षणावर होतात, संविधानावर होतात. ती झालीच पाहिजेत. पण आपल्या घरातलं चार-पाच वर्षांचं पोर दिवसभर काय खेळतं, एकटंच कुणाशी बोलतं, कोणत्या गोष्टी रचतं, यावर कुणी बोलत नाही. तो घरातल्या बायकांचा आणि म्हणून किरकोळ विषय समजला जातो. आमचं मत वेगळं आहे. मुलाची कल्पनाशक्ती ही राजकीय बाब आहे. ती कशावर पोसायची हे आपण ठरवलं नाही तर दुसरं कुणी ठरवतं, आणि ब्राह्मणी संस्कृती हे काम पिढ्यान्‌पिढ्या चोख करत आली आहे. देश बदलल्यावर हे आम्हाला रोजच्या जगण्यात फार जवळून दिसतं आहे, म्हणून हा लेख.

इंग्लंडच्या मध्यभागातल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहरात आम्ही राहतो. आमच्यापैकी एक परिचारिका आहे. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत नोकरी लागली म्हणून नागपूर सुटलं. दुसऱ्याने समाजशास्त्रात एम.ए. केलं, उत्तर नागपूरच्या वस्त्यांमध्ये मुलांच्या अभ्यासिका चालवल्या आणि आता इथे फूड बँकेत, म्हणजे गरजूंना शिधा देणाऱ्या केंद्रात, काम करतो. आलो तेव्हा लेक चार वर्षांची होती. आता साडेपाच.

रुग्णालयातली पाळी बारा तासांची. डिसेंबरात सकाळी आठच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी चारला अंधार पडतो. त्यामुळे आई कामावर निघते तेव्हाही अंधार आणि परत येते तेव्हाही अंधार. लेकीने याचा अर्थ आपला आपण लावला. आई रात्रीच्या देशात कामाला जाते आणि येताना कोटाच्या खिशातून तिथला थोडा अंधार घेऊन येते, असं तिचं म्हणणं. फ्रिजवर पाळ्यांचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे. आई घरी असेल त्या चौकोनात ती सूर्य काढते. नागपूरच्या आजीला व्हिडिओ कॉलवर तो कागद दाखवून सांगते, "आजी, या आठवड्यात फक्त तीन सूर्य आहेत."

घरामागे खारी येतात. नागपुरात अंगणात दिसणारी खार छोटी, पाठीवर पट्टे असलेली. इथली मोठी, राखाडी आणि बिनपट्ट्यांची. इथे सारखा पाऊस पडतो म्हणून पट्टे धुऊन गेले, हा लेकीचा पहिला निष्कर्ष. दुसऱ्या दिवसापासून अशीच एक खार आमच्या घरात राहायला आली. ती आम्हाला दिसत नाही, पण तिला ताटातला घास लागतो, सोफ्यावर जागा लागते आणि बसमध्ये खिडकीची सीट लागते.

पहिले तीन महिने लेक शाळेत तोंड उघडत नव्हती. एकदम परक्या भाषेत येऊन पडलेली लहान मुलं काही काळ अशी गप्प राहतात, हे शिक्षकांना माहीत असतं. शाळेनेही घाई केली नाही. घरी मात्र तक्रार यायची ती खारूताईची. "खारूताईला कुणी काही विचारलं की तिच्या पोटात गोळा येतो. तिला फक्त मराठी येतं." मग आम्ही खारूताईलाच समजावायचो, तिलाच 'पाणी पाहिजे', 'शू लागली' ही दोन वाक्यं इंग्रजीत शिकवायचो. मार्चमधल्या एका संध्याकाळी बातमी आली, की खारूताईने आज शाळेत दूध मागितलं आणि तिला मिळालं. जे पोरीला स्वतःच्या नावाने सांगता येत नव्हतं, ते तिने खारीच्या नावाने सांगितलं. ज्यांना हा पोरखेळ वाटतो त्यांनी विचार करावा. व्यासपीठावर उभं राहून स्वतःचं दुःख सांगायला आपल्या कितीतरी मोठ्या माणसांनाही असाच दुसऱ्या कुणाचा आडोसा लागतो.

ही राखाडी खारही मूळची इथली नाही. एकोणिसाव्या शतकात ती उत्तर अमेरिकेतून आणून इथल्या बागांमध्ये सोडली गेली. तिच्यामुळे इथली तांबडी खार मागे हटली, म्हणून तिच्याबद्दल फारसं प्रेम नाही. बाहेरून आलेल्यांविषयीची चीड या शहराला चांगली ठाऊक आहे. इथलाच खासदार इनॉक पॉवेल याने १९६८ साली बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केलं होतं. आमच्या व्हिसावर आजही अट आहे, की अडचण आली तरी बहुतेक सरकारी मदतींवर आमचा हक्क नाही. कायम राहण्याच्या परवान्यासाठी लागणारी वर्षं वाढवण्याची भाषा सरकारने २०२५ साली सुरू केली. उद्या कुठे असू हे आम्हाला सांगता येत नाही. लेकीला मात्र येतं. तिच्या मते खार जिथे असेल तिथे घर.

आता मुद्द्यावर येतो. ओळखीतल्या एक मराठी काकू उद्यानात भेटल्या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी आडनाव विचारलं. मग नागपुरात नेमकं कुठे राहता, ते विचारलं. वस्तीचं नाव ऐकल्यावर त्यांना जे समजायचं ते समजलं. समुद्र ओलांडला तरी ही चौकशी पाठ सोडत नाही. तेवढ्यात लेकीने आपल्या बिनपट्ट्यांच्या खारीची ओळख करून दिली, तेव्हा काकूंनी तिला मायेने जवळ घेतलं आणि गोष्ट सांगितली. राम लंकेला जायला समुद्रावर पूल बांधत होता. मोठे मोठे वानर दगड आणत होते. एक छोटी खार अंगाला वाळू लावून आणायची आणि पुलावर झटकायची. राम खूश झाला, त्याने तिच्या पाठीवरून बोटं फिरवली, तेच ते पट्टे.

लेकीने तीन प्रश्न विचारले. पूल झाल्यावर खार त्याच्यावरून पलीकडे गेली का? तिला तिकडे घर मिळालं का? आणि पट्टे तिने मागितले होते का?

काकू हसल्या. "फार प्रश्न विचारते हो तुमची!"

मित्रहो, या तीन प्रश्नांवर एम.ए.च्या वर्गात तासभर चर्चा होऊ शकते. 'खारीचा वाटा' हा शब्दप्रयोग आपण सगळेच सहज वापरतो. वर्गणीचं आवाहन करतानाही वापरतो. पण त्यामागची गोष्ट काय शिकवते? लहानाने राबावं, मोठ्याच्या कामासाठी राबावं, आणि मोबदल्यात पाठीवरून हात फिरला की धन्य व्हावं. मजुरी नाही, मालकी नाही, पुलावर हक्क नाही. उलट, मालकाच्या बोटांची खूण पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवायची आणि तिलाच मान समजायचं. जातिव्यवस्थेने आपल्या आजा-पणजांकडून जी वेठबिगार करून घेतली तिचं यापेक्षा गोड समर्थन सापडणार नाही. गोष्ट सांगणारी बाई मायाळू होती, हे विशेष. विषमता दरवेळी लाठी घेऊन येत नाही, पुष्कळदा ती मांडीवर बसवून गोष्ट सांगते.

काही कार्यकर्ते म्हणतील, यात नवं काय? २२ प्रतिज्ञांमधल्या दुसऱ्या प्रतिज्ञेने आपण राम-कृष्णाला देव मानणं सोडलं. मुलीला सांगायचं, आपण हे मानत नाही, संपलं. आमचं म्हणणं, एवढ्याने संपत नाही. मोठ्या माणसाला नकार पुरतो, मुलाला नाही पुरत. मुलाच्या हातातली एक गोष्ट काढून घेतली तर त्या जागी दुसरी ठेवावी लागते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३०च्या सुमारास मांडलं आहे, की कल्पना हवेतून येत नाही. माणूस आपल्या अनुभवातले तुकडे घेऊन नवी जुळणी करतो, म्हणून ज्याचा अनुभव समृद्ध त्याच्या कल्पनेकडे साहित्य जास्त. याला समाजशास्त्राची जोड द्या. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं, प्रवास, निवांत वेळ आणि मुलाशी बोलत बसणारी माणसं होती, त्यांच्या पोरांना हे साहित्य आयतं मिळालं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. आपल्या पोरांना काय मिळालं? लवकर मोठं व्हा, शेण उचला, धाकट्याला सांभाळा, मालकासमोर बोलू नका. निवांत खेळ ही चैन होती. मग चौथीच्या वर्गात गुरुजी म्हणायचे, 'यांच्या डोक्यात कल्पनाच नाहीत.'

आणि आज, शिकलेल्या आपल्या पिढीकडे थोडी सवड आहे तेव्हा आपण मुलांना काय देतो? १४ एप्रिलला पाच वर्षांच्या पोराला कोट घालतो, चष्मा लावतो, हातात जाड पुस्तक देतो आणि पाठ केलेलं भाषण म्हणायला लावतो. टाळ्या होतात. मुलाला बाबासाहेबांचा वेष मिळतो, त्यांना पडलेले प्रश्न मिळत नाहीत. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं होतं, की केवळ ऐकलं म्हणून किंवा परंपरेने आलं म्हणून मानू नका. पाठांतर आणि हा उपदेश एका घरात कसे नांदणार? महात्मा फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला तेव्हा ती लहान मुलगीच होती. आमचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने भल्याभल्यांना विचारला. आपला वारसा हा आहे.

म्हणून आम्ही लेकीला दुसरी गोष्ट सांगितली. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटं आत्मकथन पुष्कळांनी वाचलं असेल. त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा. भीम नऊ-दहा वर्षांचा. आई वारलेली, आत्या सांभाळते, वडील नोकरीच्या गावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावलं. भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे घालून आगगाडीने निघाली. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला आणि जात कळताच आपल्या खोलीत निघून गेला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. सोबत जेवण होतं, प्यायला पाणी मिळालं नाही. पोरं तशीच उपाशी झोपली.

आम्ही गोष्ट प्रवासापासून सुरू केली, अपमानापासून नाही. कारण मूळ प्रसंगातही आधी आनंद आहे. आगगाडी, नव्या टोप्या, वडिलांना भेटायची घाई. ही मुलं दुःखी म्हणून जन्माला आली नव्हती. ती उड्या मारत निघाली होती आणि वाटेत कुणीतरी त्यांना अडवलं. हा फरक आपल्या पोरांना कळणं फार गरजेचं आहे. लेकीने सगळं ऐकून विचारलं, "त्या मास्तरकडे पाणी नव्हतं का?" होतं, आम्ही म्हणालो. "मग?" या 'मग'ला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते नसावंच. अस्पृश्यतेचं तर्कशुद्ध कारण देता येत नाही, हेच तर मुलाला कळायला हवं.

दोन दिवसांनी घरातल्या सगळ्या खुर्च्या ओळीने लागल्या. आमच्या शहरातून बर्मिंगहॅमला ट्राम जाते. लेकीने ती पुढे वाढवली. बिल्स्टन, वेस्ट ब्रॉमविच, बर्मिंगहॅम, मसूर! शाळेची पाण्याची बाटली आणि घरातल्या आणखी चार बाटल्या भरून ठेवल्या. मुलांना एकेक, आणि एक गाडीवानाला, कारण तो बिचारा चालून दमला होता. स्टेशनमास्तरलाही ट्राममध्ये घेतलं, पण त्याला उभं राहावं लागलं, त्याने तिकीट काढलं नव्हतं. आणि ट्राम कोण चालवत होतं? बिनपट्ट्यांची खार. लेकीच्या खेळात खार वाळू वाहत नाही, गाडी चालवते.

यावर आक्षेप येतील, आलेही आहेत. पहिला, एवढ्या लहान वयात जात कशाला सांगायची? उत्तर सोपं आहे. सांगायचं की नाही हे आपल्या हातात नाही, उद्यानातल्या काकूंनी चौकशी सुरू केलेलीच आहे. आपण गप्प राहिलो तर मुलाला ती गोष्ट त्यांच्या बाजूने कळेल आणि त्यात लाज मिसळलेली असेल. परदेशात आडनाव झाकून राहणारी आपली माणसं आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या भीतीचा आम्ही अनादर करत नाही. पण झाकलेली गोष्ट मूल ओळखतं, आणि झाकण्यासारखं काहीतरी आपल्यात आहे असं समजतं.

दुसरा आक्षेप, बाबासाहेबांच्या वेदनेचा खेळ झाला. आम्हाला तसं वाटत नाही. मूल ज्याचा खेळ करतं ते त्याने मनावर घेतलेलं असतं. फोटोला हार घालून विसरणारी माणसं पुष्कळ आहेत. मसूरला पाणी पोचवायला निघालेली पोर ती घटना विसरणार नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. जादूच्या ट्रामने पाणी मिळत नाही, चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागतो. अगदी मान्य. पण १९२७ साली महाडला चालत निघण्याआधी, आपण त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतो आहोत हे चित्र कुणाच्या तरी मनात उमटलंच असणार. जे दिसतच नाही त्यासाठी कुणी लढत नाही. कल्पना लढ्याची जागा घेत नाही, ती लढ्याआधी येते.

लढाही इथे संपलेला नाही. ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात वंशाच्या व्याख्येत जात घालण्याची तरतूद ऐच्छिक होती. २०१३ साली संसदेने ती सरकारवर बंधनकारक केली. तरी कायद्यात जात आलीच नाही, आणि २०१८ साली सरकारने न्यायालयांच्या निकालांवर विसंबून राहायचं ठरवलं. म्हणजे ज्या देशात बाबासाहेब शिकले, बॅरिस्टर झाले, तिथेही आपल्या लेकराला जातीवरून कुणी डिवचलं तर कायद्यात तो शब्द थेट सापडत नाही. आत्मकथनाच्या नावात बाबासाहेबांनी 'व्हिसा' हा शब्द का घातला असेल, याचा विचार आम्ही इथे रोज करतो. आमच्याकडे शिक्का मारलेला व्हिसा आहे. माणसांत माणूस म्हणून प्रवेश देणारा जो दुसरा व्हिसा, त्याची वाट आपल्याच लोकांच्या दारात अजून पाहावी लागते.

पण याच शहरात दुसरंही चित्र आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत पंजाबातून आलेल्या आपल्या माणसांनी इथल्या ओतशाळांमध्ये, कारखान्यांमध्ये घाम गाळला आणि बाबासाहेबांच्या नावाने बुद्ध विहार उभा केला. तिथले म्हातारे आजोबा पंजाबी वळणात जय भीम म्हणतात. लेकीला त्यांचं पंजाबी कळत नाही, त्यांना तिचं मराठी कळत नाही. तरी तिने त्यांना खारूताईची ओळख करून दिली आणि त्यांनी खारीसाठी वेगळी बशी आणून त्यात चार शेंगदाणे ठेवले. आडनाव विचारलं नाही. संघ म्हणजे काय, हे तिला शब्दांत सांगण्याची गरज आम्हाला उरली नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात दिवस घालवत होते तेव्हा रमाई मुंबईत परळच्या चाळीत संसार ओढत होत्या. त्यांच्या पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली. त्या दोघांनी जी किंमत मोजली तिच्या बळावर आज आमच्यासारखी घरं मुलांना सोबत घेऊन परदेशात येऊ शकतात आणि खुर्च्यांची ट्राम कितीही वेळ मांडून ठेवू शकतात. आपल्या लेकरांचं निवांत बालपण ही चळवळीची कमाई आहे. ती कमाई घोकंपट्टीत उडवू नका.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास मुलांना द्या. एक प्रसंग सांगा. मसूरचा सांगा, महाडचा सांगा, सिद्धार्थ आणि जखमी हंसाचा सांगा. मग भाषण करू नका. मुलांना विचारा, तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं? जे उत्तर येईल ते ऐका. त्यात हत्ती येईल, रॉकेट येईल, बोलणारी खार येईल. हसू नका आणि दुरुस्त करू नका. आणि पुढच्या वेळी वर्गणीचं आवाहन लिहाल तेव्हा 'खारीचा वाटा उचला' असं लिहू नका. आपल्या माणसांकडे त्यांचा पूर्ण वाटा मागा, आणि त्यांना त्यांचा पूर्ण वाटा द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!